अब्बांच्या नाकावरची फुटकुळी



उन्हाळ्यातल्या पाण्याविषयी या सदरात लिहिले होते, त्यावर एका बहिणीचे पत्र आले. तिने विचारले आहे, "ऊन लागून माणूस आजारी पडतो हे ठाऊक आहे. पण उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो म्हणतात, तो आपल्यासारख्या सावळ्या माणसांनाही होतो का?"

या प्रश्नाचे उत्तर मला शोधायला जावे लागले नाही. ते आमच्याच घरात आहे.

माझ्या अब्बांनी कुवेतमध्ये बावीस वर्षे पाइपलाइनच्या कामावर काढली. त्या कमाईवर घर उभे राहिले, आम्हा तिघी बहिणींची लग्ने झाली. नंतर गावी परतून ते आंब्याची कलमे सांभाळू लागले. म्हणजे ऊन काही सुटले नाही. साठी उलटल्यावर त्यांच्या डाव्या नाकपुडीवर एक काळसर फुटकुळी आली. वुजूनंतर तोंड पुसले की कधी टॉवेलला रक्ताचा ठिपका लागायचा. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. अम्मी हळद लावायची. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. ती ट्यूब तीन वेळा मीच आणली, हे इथे कबूल करते. अब्बा म्हणायचे, "अगं, तीळ आहे. दुखत नाही, खुपत नाही. कशाला छेडायचा?"

असे दोन वर्षे चालले. शेवटी चष्म्याची दांडी लागून रक्त थांबेना, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले आणि छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवालात नाव आले, बेसल सेल कार्सिनोमा.

डॉक्टरांनी नीट समजावले. कातडीच्या कॅन्सरपैकी हा प्रकार सावकाश वाढतो आणि शरीरात दूरवर सहसा पसरत नाही. पण जिथे असतो तिथले मांस खात जातो. नाक, कान, डोळ्याची कड अशा जागी उशीर झाला तर कापावे जास्त लागते. गोऱ्या माणसांत तो चमकदार, मोत्यासारखा दिसतो. आपल्या रंगाच्या माणसांत पुष्कळदा काळा दिसतो, म्हणून घरचे त्याला तीळ समजतात. आम्ही तेच केले होते.

आणि त्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर असे. सावळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून बरेच रक्षण करते. त्यामुळे आपल्याकडे हा आजार गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी आहे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. उन्हाचा हिशेब कातडी वर्षानुवर्षे जमा करत असते. तिशीत सोसलेले ऊन साठीत दिसते.

शस्त्रक्रियेत फुटकुळीसोबत आजूबाजूची थोडी निरोगी कातडी काढली आणि गालाची कातडी सरकवून नाक भरले. जखमेला पाणी लागू द्यायचे नव्हते. अब्बांना पहिली काळजी वुजूची. इमामसाहेबांनी पट्टीवर ओला हात फिरवण्याची आणि सोबत तयम्मुमची रीत समजावली, तेव्हा त्यांचा जीव शांत झाला.

खरा त्रास पुढे होता. नातेवाइकांना आम्ही "गाठ काढली" एवढेच सांगितले. कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. तरी बातमी फुटली आणि एका घरी अब्बांना चहा वेगळ्या कपात मिळाला. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एकत्र जेवल्याने कोणालाही होत नाही. पण त्या कपाने अब्बा मनातून खचले. जुम्म्याला शेवटच्या सफमध्ये उभे राहू लागले, नाकावर रुमाल धरून.

एके दिवशी शेजारच्या चाचांनी सरळ विचारले, "नाकाला काय झाले?" अब्बांनी पहिल्यांदा खरे सांगितले. चाचांनी लगेच टोपी काढून कानामागचा फोड दाखवला. दुसऱ्या आठवड्यात अब्बा स्वतः त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. निघाली साधी चामखीळ. पण त्या दिवशी चाचांपेक्षा अब्बाच जास्त खूश होते, आणि रुमाल तेव्हापासून सुटला.

एकदा हा कॅन्सर झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून टाके निघाले म्हणजे काम संपले असे नाही. अब्बा दर सहा महिन्यांनी तपासणीला जातात. तीन वर्षांनी कानशिलावर मुगाच्या डाळीएवढा ठिपका दिसला. या वेळी आम्ही ट्यूब आणली नाही. अर्ध्या तासात तो काढला, तीन टाके पडले, संध्याकाळी अब्बा घरी जेवायला होते. दोन वर्षांचा उशीर आणि दोन आठवड्यांची घाई यांतला फरक आम्ही एकाच चेहऱ्यावर पाहिला.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- महिनाभरात न भरणारी किंवा भरून पुन्हा फुटणारी जखम
- सहज रक्त येणारी, खपली धरणारी फुटकुळी
- आकार, कड किंवा रंग बदलणारा तीळ
- तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली नव्याने आलेला काळा डाग वा पट्टा
- भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा सलवार-परकराच्या नाडीच्या जागी न भरणारी जखम

शेवटच्या दोन गोष्टींचा उन्हाशी संबंध नाही, तरी त्या लक्षात ठेवा. सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा घातक प्रकार बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी धरून वर्षानुवर्षे शेक घेतल्याने मांडीवर आणि पोटावर कॅन्सर होतो, तो 'कांगडी कॅन्सर' म्हणूनच ओळखला जातो.

अशा जागी चुना, ॲसिड, दोरा बांधणे असले उपाय करू नका. डॉक्टरांना न विचारता स्टिरॉइडची ट्यूब लावू नका.

उन्हापासून जपायचे कसे?

सावलीला पैसे पडत नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कडक समजावे. हे आपल्याला नवे नाही. आमच्याकडे कोकणात शाफई मजहबाप्रमाणे, मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की अस्रचा वक्त सुरू होतो. म्हणून अब्बांनी स्वतःसाठी सोपा नियम केला: बागेतले काम फजरनंतर आणि अस्रनंतर. मधल्या वेळेत जावेच लागले तर पूर्ण बाहीचा, दाट विणीचा सदरा आणि रुंद काठाची टोपी. नमाजच्या टोपीने नाक, कान आणि मान झाकत नाही.

सनस्क्रीन यानंतर येते. एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारे घ्यावे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे लागते, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. वुजूच्या पाण्याला थर अडवेल का, ही शंका असेल तर आमची रीत पाहा: साबणाने तोंड धुऊन वुजू करायचा आणि नमाजनंतर बाहेर पडण्याआधी नव्याने लावायचे.

गेल्या वर्षी अब्बा उमराहला गेले. इहराममध्ये पुरुषाला डोके झाकता येत नाही, पण छत्री धरता येते. छत्री आणि बिनवासाचे सनस्क्रीन दोन्ही आम्ही बॅगेत आधी भरले.

ज्यांची मुले आखातात आहेत त्यांनी फोनवर एवढे विचारावे: दुपारची सुट्टी मिळते का? सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम घेण्यास मनाई आहे. कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट ११ ते ४. मुलाला हा नियम माहीत असला पाहिजे.

आणि उन्हाला घाबरून घरातच बसणेही बरे नव्हे. आपल्या अनेक बहिणींना ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. तशी शंका वाटली तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

चेहरा, कान, कोपरापर्यंत हात, पायांची बोटे. यांवरून आपला हात दिवसातून पाच वेळा फिरतो. उद्या जुहरच्या वुजूला, उजेड चांगला असताना, त्या हातामागोमाग नजरही फिरवा. घरातल्या बुजुर्गांची नजर अधू असेल तर त्यांच्या चेहऱ्याकडे तुम्ही पाहा. टॉवेलवर रक्ताचा ठिपका दिसला तर तो धुऊन विसरू नका. आम्ही दोन वर्षे तेच केले होते.

अल्लाह सर्वांना आफियतीत ठेवो. खुदा हाफिज.