विकेंद्रित समाजमाध्यमे आणि मोझरीचा धडा

मे 2023 मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त होऊन अकोल्यात दंगल उसळली. एका माणसाचा बळी गेला आणि शहरावर संचारबंदी लादावी लागली. त्याआधी दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबर 2021 मध्ये, अमरावतीकरांनी संचारबंदी आणि बंद पडलेले इंटरनेट या दोहोंचा अनुभव घेतला होता. अशा प्रसंगी प्रशासनाच्या हाताशी उपाय एकच उरतो, आणि तो म्हणजे साऱ्या शहराचे इंटरनेट तोडणे. अफवा पसरविणारा आणि बँकेचा व्यवहार करू पाहणारा असे दोघेही मग एकाच दंडास पात्र ठरतात. मजकूर वऱ्हाडात लिहिला जातो, वऱ्हाडात वाचला जातो, त्याचे परिणाम वऱ्हाडच भोगतो. परंतु तो ठेवावा की काढावा, हे ठरविणारे कार्यालय मात्र साता समुद्रांपलीकडे असते.

हा दोष केवळ परकीय मालकीचा आहे असे मानणे भोळेपणाचे होईल. ‘कू’ हे भारतीय माध्यम 2020 साली निघाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांना त्याने जागा दिली आणि जुलै 2024 मध्ये त्याच्या चालकांनी ते बंद करीत असल्याचे जाहीर केले. मालक स्वदेशी असला म्हणून लिहिणाऱ्याचे लेखन सुरक्षित राहते, असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणूनच, ज्याला एकच एक मालक नाही असे समाजमाध्यम असावे, या विचाराने गेल्या काही वर्षांत जोर धरला आहे. विचार स्वागतार्ह आहे. पण तो व्यवहारात आणणे वाटते तितके सोपे नाही.

या माध्यमांची कल्पना टपालखात्यावरून चटकन ध्यानी येईल. 1874 साली बर्न येथे झालेल्या करारातून जागतिक टपाल संघ जन्मास आला आणि 1876 साली भारत त्यात सामील झाला. प्रत्येक देशाचे टपालखाते वेगळे, पण परस्परांची पत्रे पोचविण्याचा नियम एक. 2016 साली निघालेले ‘मॅस्टोडॉन’ याच तत्त्वावर चालते. कोणीही आपला सर्व्हर उभारावा, त्यावर लोकांना खाती द्यावीत, आणि इतर सर्व्हरांशी ठरलेल्या नियमाने देवाणघेवाण करावी. ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या या नियमाला जानेवारी 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय वेबसंस्थेची मान्यताही मिळाली.

परंतु टपालखात्यामागे सरकार उभे असते. येथे प्रत्येक पोस्टमास्तराने पदरमोड करून इमारत बांधावयाची असते! अडचणींचा आरंभ येथूनच होतो. एका सर्व्हरावरील लेखकाचे वाचक दोनशे सर्व्हरांवर विखुरलेले असतील, तर त्याचा प्रत्येक मजकूर दोनशे ठिकाणी पोचवावा लागतो, आणि सोबतच्या छायाचित्राची प्रत बहुधा प्रत्येक ठिकाणी साठविली जाते. साठवणीचा खर्च दरमहा वाढतो. तो जाहिरातीवाचून भागवावयाचा म्हणजे वर्गणी किंवा देणगी हाच मार्ग उरतो. पुष्कळसे सर्व्हर एकेकटा हौशी माणूस चालवितो. तो आजारी पडला, कंटाळला वा कर्जात बुडाला, की हजारो लोकांचे लेखन संकटात येते. ‘मॅस्टोडॉन’वरील सुमारे 12 हजार खात्यांचा एक सर्व्हर 2023 साली त्याच्या चालकाने वादांना वैतागून बंदच केला.

दुसरी अडचण ओळखीची. सर्व्हर बदलला की पत्ता बदलतो. ‘मॅस्टोडॉन’मध्ये खाते हलविताना अनुयायी बरोबर नेता येतात, पण जुने लेखन जुन्याच घरी राहते. घराचे नावही आपल्या मालकीचे असतेच असे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या नावपट्ट्यातील एका सर्व्हराचे नाव तेथील राजवटीने गोठविले आणि एका क्षणात तो अनामिक झाला.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, ती देखरेखीची. लेखकाने आपला मजकूर पुसला तरी इतर सर्व्हरांकडे फक्त तशी सूचना जाते. ती पाळण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. द्वेष, फसवणूक आणि लहान मुलांचे शोषण यांवर नजर ठेवण्यास मोठ्या कंपन्यांपाशी यंत्रे आणि नोकर असतात. हौशी चालकापाशी रात्रीचे दोन तास. 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सर्व्हरांवरील मजकूर दोन दिवस तपासला, तेव्हा बालशोषणाची पूर्वीच नोंद झालेली 112 चित्रे त्यांना आढळली. सत्ता विखुरली की जबाबदारीही विखुरते, आणि विखुरलेली जबाबदारी पुष्कळदा कोणाचीच नसते.

हा भार पेलेनासा झाला की लोक पुन्हा मोठ्या छपराखाली गोळा होतात. ईमेलचा नियम आजही सर्वांस खुला आहे. परंतु बहुतेकांची पत्रे दोनतीन बलाढ्य कंपन्यांच्या कोठारातच असतात. कागदावरचे विकेंद्रीकरण आणि व्यवहारातले विकेंद्रीकरण यांत हे अंतर आहे.

हे अंतर कसे मिटवावे, याचे एक उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे आणि ते संगणकाहून जुने आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाताना तिवसा तालुक्यात मोझरी लागते. तेथे 1935 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला आणि पुढे श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगावी पसरल्या. त्यामागील आध्यात्मिक विचाराची चर्चा आम्हांस येथे करावयाची नाही. या संघटनेची बांधणी मात्र विचारात घेण्याजोगी आहे. सामुदायिक प्रार्थनेचा क्रम सर्वत्र सारखा. परंतु माणसे जमविणे, जागा झाडणे, गावाची सफाई करणे हे काम त्या त्या गावाचे. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या 41 अध्यायांच्या ‘ग्रामगीते’तही गावाने आपला भार आपण उचलावा, हेच सूत्र आहे. 1968 साली महाराजांचे निधन झाले, तरी गावोगावच्या प्रार्थना थांबल्या नाहीत. कारण सवय आणि जबाबदारी गावात रुजली होती.

ही तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. सेवा मंडळात येणारे एका हेतूने येतात. समाजमाध्यमावर अनोळखी आणि परस्परविरोधी माणसे एकत्र येतात. शिवाय जवळचा देखरेख करणारा निःपक्षपाती असेलच, अशी हमी कोण देणार? अकोल्यातील चालकाला मराठीतील डिवचणारा शब्द परदेशी कारकुनापेक्षा लवकर कळेल, हे खरे. पण गल्लीतल्या पुढाऱ्याचा फोनही त्याच्याचकडे लवकर येईल! आणि सरकारने इंटरनेटच तोडले, तर विकेंद्रित सर्व्हरही मुकाच राहणार. म्हणून ही माध्यमे दंगलीवरील औषध आहेत, असा दावा आम्ही करीत नाही.

तथापि मोझरीचा धडा यातून निसटत नाही. सामाईक शिस्त आणि स्थानिक श्रम या दोन्ही गोष्टी असल्यावाचून जाळे टिकत नाही. ‘मॅस्टोडॉन’च्या चालकांनाही हे उमगले आहे. त्यांच्या अधिकृत यादीत येऊ इच्छिणाऱ्या सर्व्हराने द्वेषमूलक मजकुरावर देखरेख ठेवावी, दररोज बॅकअप घ्यावा, अडीअडचणीला आणखी एका माणसाकडे सर्व्हराचा ताबा असावा आणि बंद करण्यापूर्वी किमान तीन महिने सूचना द्यावी, अशा अटी आहेत. यांतील एकही अट प्रगाढ संशोधन मागत नाही. ती मागते नियमितपणा.

आपल्याकडे हा नियमितपणा हौशी तरुणाच्या एकट्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्यांना जमाखर्च ठेवण्याची, सभासदांपुढे तो मांडण्याची आणि एक चिटणीस गेल्यावर दुसरा निवडण्याची सवय आहे, अशा संस्था आपल्यापाशी आहेत. सार्वजनिक ग्रंथालये, महाविद्यालये, सहकारी संस्था ही त्यांची नावे. त्यांपैकी एकीने जरी दोनपाचशे सभासदांपुरता मराठी सर्व्हर वर्गणीवर चालवून दाखविला, देखरेखीसाठी विविध समाजांतील माणसांची समिती नेमली आणि मजकूर काढल्याची कारणे लेखी नोंदविली, तर या कल्पनेची खरी परीक्षा होईल. ती यशस्वी होईलच, असे नाही. पण दूरच्या मालकाला दोष देत त्याच्याच ओसरीवर बसून राहण्यापेक्षा, आपले अंगण आपण झाडण्याचे कष्ट पत्करणे अधिक शहाणपणाचे आहे. हे कष्ट घेण्याची आपली तयारी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.