गेटच्या आतला प्लॅन कंपनीकडे, गेटबाहेरचा कुणाकडे?

महाड, रोहा-धाटाव, खोपोली, रसायनी-पाताळगंगा. रायगड जिल्ह्यातल्या या औद्योगिक पट्ट्यांत कंपन्यांच्या आसपास गावं आहेत, भातशेती आहे, शाळा आहेत. कंपनीत स्फोट झाला किंवा गॅस सुटला तर कुठं जमायचं, कुठल्या गेटनं बाहेर पडायचं, हे आतल्या कामगाराला शिकवणं कंपनीला बंधनकारक आहे. पण कंपाउंडच्या बाहेर घर असलेल्या माणसाने काय करायचं? घरात थांबायचं की पळायचं? पळायचं तर कोणत्या बाजूला?

याचं उत्तर गावाला आधी मिळालं पाहिजे, असं कायदा १९८९ पासून सांगतो. १९९६ मध्ये त्याच्या पुढचं पाऊल पडलं आणि नियोजनाच्या बैठकीत गावच्या प्रतिनिधीला जागा मिळाली. म्हणजे गावाला माहिती देणं ही कंपनीची मेहरबानी नाही. आता ती जागा आपल्या भागात कुणाकडे आहे आणि तो माणूस बैठकीला जातो का, हे गावांनी विचारायची वेळ आली आहे.

दोन प्लॅन, दोन जबाबदार

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो माणसं गेली. शेजारच्या वस्त्यांना आत काय साठवलंय आणि ते सुटलं तर काय करायचं, याची कल्पनाच नव्हती. लोक घराबाहेर पडून वाट फुटेल तिकडे धावले आणि कित्येक जण वायूबरोबर त्याच दिशेने गेले. ओलं फडकं नाकातोंडाला लावा, वाऱ्याच्या आडवे चला, एवढं जरी आधी सांगितलेलं असतं तरी अनेकांना वाचायची संधी मिळाली असती.

त्या धड्यातून पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ आला. त्याच्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचं उत्पादन, साठवणूक आणि आयात यांचे नियम झाले. या नियमांनी दोन वेगळे प्लॅन बंधनकारक केले.

पहिला प्लॅन गेटच्या आतला. तो कंपनीने करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याचं मॉक ड्रिल घ्यायचं. दुसरा गेटच्या बाहेरचा, म्हणजे ऑफसाइट प्लॅन. तो जिल्हा प्रशासनाने करायचा, ताजा ठेवायचा आणि वर्षातून किमान एकदा त्याची रंगीत तालीम घ्यायची. कोणत्या गावातले लोक कुठं हलवायचे, कोणता रस्ता बंद करायचा, कोणत्या दवाखान्याला कळवायचं, हे सगळं या दुसऱ्या प्लॅनमध्ये यायला हवं.

त्याच नियमांतला नियम १५ गावांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोठा अपघात झाला तर ज्यांना झळ बसू शकते, अशा कारखान्याबाहेरच्या लोकांना धोका कोणत्या प्रकारचा आहे आणि अशा वेळी काय करायचं, काय टाळायचं, हे कंपनीने स्वतः किंवा जिल्हा प्रशासनामार्फत कळवायचं आहे. अपघात झाल्यावर कळवणं यात बसत नाही. माहिती आधीच पोचलेली हवी.

विशाखापट्टणमचा न वाजलेला सायरन

कागदावरचा प्लॅन गावापर्यंत पोचला नाही तर काय होतं, हे ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळच्या आर. आर. वेंकटापुरम गावाने पाहिलं. शेजारच्या एलजी पॉलिमर्स कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. वेळ पहाटे तीनच्या आसपासची, गाव झोपेत. जाग आली ती उग्र वासाने. माणसं धावत सुटली आणि रस्त्यावरच कोसळली. १२ जणांचा जीव गेला, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले.

आंध्र प्रदेश सरकारच्या उच्चाधिकार समितीच्या चौकशीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. कारखान्यात सायरन होता आणि तो वाजवण्यासाठी ३६ ठिकाणी बटणं होती. तरीही सायरन वाजला नाही.

यंत्रणा होती, पण ती वापरायचा सराव नव्हता. सायरन वाजला असता तरी त्याचा अर्थ गावाला ठाऊक असायला हवा होता. शिफ्टचा भोंगा कोणता, धोक्याचा कोणता आणि 'आता सगळं ठीक आहे' हे सांगणारा कोणता, हा फरक ज्या गावाला माहीत नाही तिथं सायरन म्हणजे नुसता आवाज.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या औषध कंपनीत स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार बेपत्ता झाले, शोधासाठी एनडीआरएफला बोलवावं लागलं. २३ मे २०२४ ला डोंबिवलीत रिॲक्टरचा स्फोट झाला, दहाहून जास्त माणसं गेली आणि आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. डिसेंबर २०२४ मध्ये रत्नागिरी तालुक्यातल्या जयगड परिसरात वायुगळतीचा त्रास थेट शाळेतल्या मुलांना झाला. मुलांना रुग्णालयात हलवावं लागलं. कंपाउंडची भिंत धूर, स्फोटाचा हादरा किंवा वायू अडवत नाही, हे या घटनांतून दिसलं.

सरपंचाची खुर्ची

१९९६ मध्ये 'रासायनिक दुर्घटना (आपत्कालीन नियोजन, सज्जता आणि प्रतिसाद) नियम' आले. त्यानुसार केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर क्रायसिस ग्रुप, म्हणजे संकट निवारण गट, नेमायचे आहेत. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यांची बैठक दर ४५ दिवसांनी. गावाच्या सगळ्यात जवळचा आहे तो लोकल क्रायसिस ग्रुप. त्याचे अध्यक्ष प्रांताधिकारी पातळीचे अधिकारी, सदस्य-सचिव कारखाना निरीक्षक आणि बैठक दर महिन्याला.

या स्थानिक गटात कंपन्या, पोलीस ठाणं, अग्निशमन दल, बीडीओ आणि आरोग्य अधिकारी यांच्यासोबत सरपंच किंवा गावचा प्रतिनिधी, स्थानिक डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक यांनाही जागा आहे. घातक रसायनांची वाहतूक करणारेही आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर रसायनांचे आणि गॅसचे टँकर पाहणाऱ्यांना त्याचं कारण वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर नदीत कोसळला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. धोका कारखान्यातच थांबलेला नसतो, तो चाकांवर गावातून जातो.

गटाची कामंही नियमांत लिहिलेली आहेत. औद्योगिक पट्ट्याचा स्थानिक प्लॅन करणं, तो जिल्ह्याच्या प्लॅनशी जोडणं, धोक्यातल्या लोकांना शिकवणं, सहा महिन्यांत किमान एक पूर्ण मॉक ड्रिल घेणं आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देणं.

सरपंच बैठकीत बसला तर काय फरक पडतो? फरक असा की, प्लॅनमध्ये 'लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवावे' असं एक वाक्य असतं. पावसाळ्यात कोणता साकव पाण्याखाली जातो, कोणत्या वाडीत मोबाइलची रेंज नाही, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे, रात्री गाडी कुणाकडे असते, हे त्या वाक्यात नसतं. ते गावालाच माहीत असतं.

यादीत नसलेले कारखाने

इथं एक अडचण आहे. ऑफसाइट प्लॅन सगळ्या कंपन्यांसाठी लागत नाही. ठरावीक रसायन ठरावीक साठ्यापेक्षा जास्त असेल तरच कारखाना 'अतिधोकादायक' म्हणजे एमएएच यादीत येतो. क्लोरीनची ही मर्यादा १० टन आहे. आठ-नऊ टन साठा असलेली कंपनी त्या हिशोबात यादीबाहेर राहू शकते, पण गळती झाल्यावर शेजारच्या घराला त्या एक-दोन टनांच्या फरकाचा काही उपयोग नाही. छोट्या युनिटमधला रिॲक्टर फुटला तरी माणसं मरतात. बर्फाच्या कारखान्यात आणि कोल्ड स्टोअरेजमध्येही अमोनिया असू शकतो. म्हणून फक्त 'यादीत कोण आहे' एवढं विचारून भागणार नाही. 'आमच्याजवळ काय साठवलंय' हा प्रश्न यादीबाहेरच्या युनिटलाही विचारला पाहिजे.

'लोक घाबरतील' हे कारण किती खरं?

माहिती दिली तर उगाच घबराट होईल, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. व्यापारी गुपिताचं कारणही पुढे केलं जातं. पण गावाला औषधाचा फॉर्म्युला नको आहे. कोणता वायू सुटू शकतो, तो कुठपर्यंत येऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, एवढंच हवं आहे. वेंकटापुरमचे लोक माहिती मिळाल्यामुळे घाबरले नाहीत. माहिती नसल्यामुळे ते वायूतच धावले.

दुसरी बाजूही मान्य करायला हवी. अनेक घरांची चूल कंपनीवर चालते. कुणाचा मुलगा कायम झालाय, कुणाचं गाड्यांचं कंत्राट आहे, ग्रामपंचायतीला कर मिळतो. त्यामुळे प्रश्न विचारणारा 'कंपनीविरोधी' ठरायची भीती असते. पण मॉक ड्रिल मागणं म्हणजे कंपनी बंद पाडणं नव्हे. आत काम करणारा मुलगाही त्याच गावचा आहे आणि बाहेरून वेळेत मदत आली तर तीही त्याच्याच कामी येणार आहे.

गॅस सुटला तर: आधी वारा बघायचा

प्रशासनाच्या सूचना येईपर्यंतची पहिली काही मिनिटं गावाची असतात. त्यासाठी घराघरांत माहीत असाव्यात अशा गोष्टी:

• वारा कुठून कुठं जातोय ते बघावं. धूर, झेंडा, झाडाची पानं यावरून कळतं. वायूच्या पुढे पुढे धावू नये आणि कंपनीच्या दिशेनेही जाऊ नये. वाऱ्याला आडवं, बाजूला निघावं.

• कोकण किनाऱ्याजवळ दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. त्यामुळे दिवसाची सुरक्षित वाट रात्री धोक्याची ठरू शकते. वाटा दोन ठरलेल्या हव्यात. थंडीच्या शांत रात्री वायू वर न जाता खालीच पसरून राहतो.

• क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात. ते वहाळात, खड्ड्यात, खोलगट जागी साचतात. तिथं लपू नये, उंच जागी जावं. अमोनिया एरवी हलका, पण मोठ्या गळतीत तोही थंड ढगासारखा जमिनीलगत सरकू शकतो.

• बाहेर पडणं शक्य नसेल तर घरातच थांबावं. दारं-खिडक्या लावाव्यात, फटींत ओली फडकी कोंबावीत, कूलर आणि एसी बंद करावेत. नाकातोंडाला ओला टॉवेल धरावा.

• पेट घेणारा गॅस असेल तर काडी ओढू नये, विजेचं बटण दाबू नये, त्या भागात गाडी सुरू करू नये.

• डोळ्यांची आग होत असेल तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि दवाखान्यात जावं. व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नये. मदतीसाठी ११२ ला फोन करावा.

ग्रामसभेत विचारायचे पाच प्रश्न

१. आपल्या गावाच्या आसपास कोणत्या कंपनीत कोणती घातक रसायनं आहेत आणि झळ कुठपर्यंत बसू शकते?

२. ऑफसाइट प्लॅनमध्ये आपल्या गावाचं आणि वाड्यांचं नाव आहे का? लोकांना कुठं हलवायचं ठरलंय?

३. गेटबाहेरचं शेवटचं मॉक ड्रिल कधी झालं? त्यात गावकरी होते का?

४. लोकल क्रायसिस ग्रुपमध्ये गावांकडून कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली?

५. धोक्याचा सायरन कोणता आणि तो शेवटच्या वाडीपर्यंत ऐकू येतो का?

या प्रश्नांचा ठराव करून प्रांत कार्यालय, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवता येतो. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, मुदत ३० दिवसांची. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी लागत नाही. अपघातात बाहेरच्या कुणाचं नुकसान झालं, तर सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. त्यात कंपनीची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही.

पण भरपाई ही नंतरची गोष्ट. आधीची गोष्ट म्हणजे सराव. शाळेतल्या मुलांना आणि बचत गटातल्या महिलांना घेऊन वर्षातून दोनदा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, गावाने ठरलेल्या वाटेने चालून बघितलं तरी कुठं वाट अडते, कुणाला उचलून न्यावं लागतं आणि कोणत्या वाडीला भोंगा ऐकूच येत नाही, हे कळेल. ते कळल्यावर लिहिलेला प्लॅनच वेळेला उपयोगी पडेल.