नंदादीप आणि त्याचे तेल

टॉर्चच्या सेलमधील काळ्या भुकटीत मँगनीज डायऑक्साइड असतो, आणि मँगनीज म्हटले की बालाघाटकरास भरवेलीची खाण आठवतेच. विजेचा साठा हा विषय या जिल्ह्यास तसा परका नव्हे. आपल्या सभागृहाच्या छपरावर सौर पॅनेल बसविण्याचे ज्या मंडळांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे आज याच साठ्याविषयी चार शब्द ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

पॅनेल आली म्हणजे वीज गेल्यावरही दिवे लागतील, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. वीज कंपनीच्या तारांशी जोडलेली साधी सौर यंत्रणा, पुरवठा खंडित होताच, भर उन्हातही बंद पडते. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगारास आपल्या छपरावरील विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. अशा यंत्रणेने बिल उतरते, अंधार हटत नाही. त्यासाठी बॅटरी आणि तिच्याशी जुळणारा इन्व्हर्टर हवा.

बॅटरी किती मोठी घ्यावी, हा प्रश्न हिशेबाचा आहे. १० वॅटचे १० दिवे, ७५ वॅटचे ६ पंखे आणि १५० वॅटचा ध्वनिक्षेपक मिळून ७०० वॅट होतात. चार तासांस २.८ युनिटे लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत १.८ युनिटे मावतात खरी, परंतु तिचे आयुष्य राखायचे तर निम्मीच वापरावीत. म्हणजे अशा चार बॅटऱ्या आल्या. पंखे ३० वॅटचे घेतले, तर हीच गरज पावणेदोन युनिटांच्या आत येते. तेव्हा बॅटरीच्या आधी पंखे बदलणे शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट. आपला मोठा उत्सव भाद्रपदात येतो, आणि त्या दिवसांत आभाळाचा भरवसा नसतो. म्हणून बॅटरी उन्हाबरोबरच तारेवरील विजेनेही भरता येईल, अशी सोय मागून घ्यावी.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात. शिशाची बॅटरी चार-पाच वर्षांत थकते, आणि मधल्या काळात तिला वेळेवर शुद्ध पाणी घालावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी दहा वर्षे चालू शकते, पाणीही मागत नाही, परंतु तिची किंमत आरंभीच अधिक. शेजारच्या छत्तीसगडात क्रेडा या शासकीय संस्थेने शेकडो आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सौर यंत्रणा बसविल्या, तेव्हा देखभालीची व्यवस्थाही लावली. आपल्याकडे पॅनेलसाठी देणगीदार मिळतो, कोनशिलेवर त्याचे नावही येते; पाचव्या वर्षीच्या बॅटरीसाठी कोणी पुढे येत नाही. मग अंधाऱ्या सभागृहावर चकचकीत पॅनेल तेवढी उरतात.

आपले पूर्वज याबाबतीत अधिक व्यवहारी होते. देवळात नंदादीप लावावयाचा, तर ते केवळ समई देऊन थांबत नसत; तेलासाठी जमीन लावून देत. मंडळांनीही तेच करावे. मिळालेल्या देणगीचा काही भाग, आणि दरमहा बिलात वाचणारी रक्कम, बॅटरीच्या नावाने बँकेत वेगळी ठेवावी. पाणी व जोडण्या पाहण्याचे काम एका कार्यकर्त्याकडे नावानिशी सोपवावे. समई कोणीही देईल. तेलाची सोय आपण सर्वांनी मिळून लावायची आहे.