इंजिन नसलेलं विमान आणि हवेचा पाठ

परिसर अभ्यासात हवेचा पाठ आला की आपण सगळे तेच प्रयोग करतो. उपडा पेला पाण्यात बुडवायचा, फुगा फुगवायचा. मुलं उत्तरं पाठ करतात आणि हवेला विसरतात. मला स्वतःला हवा कळली ती पुण्यात, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर.

ग्लायडरला इंजिन नसतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विंचवर लांबलचक दोर भराभर गुंडाळला जातो आणि ग्लायडर पतंगासारखं नाक वर करून चढतं. वर गेल्यावर दोर सुटतो. मग एकदम शांत! फक्त काचेवरून सरकणाऱ्या वाऱ्याचा आवाज. त्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असतो. वारा समोरून येतोय की तिरका, हे तो दाखवतो. एवढ्या विमानात आईच्या विणकामातला धागा! मला ते फार आवडलं.

खरं तर ग्लायडर सतत खालीच येत असतं, फक्त अगदी हळू. उत्तम ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून चाळीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं. उंची वाढवायची तर तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा शोधायची. नांगरलेलं रान, खडकाळ माळ, नाहीतर सरळ घारी बघायच्या. घार पंख न हलवता जिथे घिरट्या घालते, तिथेच पायलटही घालतो. आमच्या फेरीत काही सापडलं नाही, काही मिनिटांतच खाली आलो.

"सर, पण याचा उपयोग काय?" एका पालकांनी विचारलं. माझ्या मते छंदाला हा प्रश्न विचारूच नये. तरी ज्यांना उत्तर हवंच आहे त्यांच्यासाठी सांगतो. 1983 मध्ये कॅनडात एका प्रवासी विमानाचं इंधन हवेतच संपलं, दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते अवाढव्य विमान तरंगवत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. सगळे वाचले. पण ग्लायडर उडवताना त्यांच्या मनात हा दिवस थोडाच असेल?

वॉटर पार्कची सहल दरवर्षी असतेच. प्रत्येकाला ग्लायडरमध्ये बसवणं आपल्याला जमणार नाही, पण एक दुपार मुलांना झाडाच्या सावलीत बसवून घारी तरी बघू द्या. माझ्या चौथीने पाऊण तास बघितल्या. घार वीटभट्टीच्या बाजूलाच वर चढते, हे एका मुलीने शोधलं. दुसऱ्या दिवशी तीच विचारत आली, "सर, मग ढगाळ दिवशी घारी काय करतात?"

आता आम्ही ढगांची वाट बघतोय.