ग्राही किती, हे विचारता; कुठे, हे कधी विचारणार?

कर्करोगावरील नव्या औषधाची बातमी आली की आपल्या राष्ट्रीय विज्ञानवार्तांत एक वाक्य ठरलेले असते: पेशींवर वृद्धिघटकाचे ग्राही वाढले होते, औषधाने त्यांना रोखले. संख्या सांगितली, उत्परिवर्तनाचे नाव दिले, की काम संपले. ते ग्राही पेशीच्या कोणत्या बाजूस आहेत, हे कोणीच विचारीत नाही. माझा आक्षेप या मौनाला आहे.

मूत्रपिंड, आतडे, श्वासनलिका यांच्या अस्तरातील अभिस्तर पेशींना दिशा असते. वरचे पृष्ठ पोकळीकडे, तळ आणि कडा शरीराच्या आतल्या बाजूकडे. ईजीएफ या वृद्धिघटकाचा ग्राही अशा बहुतेक पेशींत तळाशी व कडांवर आढळतो. हा योगायोग नव्हे. ग्राहीच्या पेशीद्रवातील भागात, पटलालगतच, मुक्कामाचा पत्ता असतो. आणि टाइट जंक्शनचे कुंपण दोन्ही पृष्ठांवरील प्रथिनांना मिसळू देत नाही.

ही व्यवस्था कशासाठी, याचे उत्तर २००३ साली ‘नेचर’मधील एका शोधनिबंधाने दिले. श्वासमार्गात हेरेग्युलिन हा संदेशरेणू वरच्या द्रवात असतो, त्याचे ग्राही कुंपणाखाली. अस्तर शाबूत असेतो दोघांची गाठ पडत नाही. जखम होताच कुंपण मोडते, संदेश पोहोचतो आणि दुरुस्ती सुरू होते. रेणू तेच, संख्या तीच. बदलली ती फक्त वाट.

आणि पत्ता चुकला तर? बहुपुटीय मूत्रपिंडविकारात पुटींच्या पेशींवर ईजीएफचा ग्राही वरच्या पृष्ठावर सापडतो. २००७ साली वर्णिलेल्या एका आनुवंशिक विकारात तर ग्राही निर्दोष होता. ईजीएफच्या पूर्वरूपाचीच तळाकडची रवानगी बिघडली होती. ग्राहीला संदेश मिळेना आणि मॅग्नेशियम मूत्रावाटे वाहून जाऊ लागले. हाच ग्राही अडवणारे सेटुक्सिमॅब घेणाऱ्या रुग्णांतही मॅग्नेशियम घटते, ते याच मार्गाने.

‘सामान्य वाचकाला एवढा तपशील कशाला?’ असे म्हटले जाईल. पण ज्या तपशिलाविना औषधाचा दुष्परिणाम समजत नाही, त्याला अनावश्यक कसे म्हणावे? दोष केवळ वार्ताहरांचा नाही. १९७२ सालचे सिंगर-निकल्सन प्रतिमान आपण घोकतो: मेदाच्या द्रवस्तरात प्रथिने तरंगतात. मग ती पेशीभर एकसारखी का पसरत नाहीत, हा त्यातून उघडपणे निघणारा प्रश्न परीक्षेत कधी आला आहे काय?

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी अशी बातमी किंवा शोधनिबंध हाती आला की पाहा: पेशी प्लॅस्टिकच्या सपाट तळावर वाढवल्या, की दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासता येणाऱ्या सच्छिद्र गाळणीवर? संदेशरेणू कोणत्या बाजूने दिला? उत्तर नसेल, तर अभिस्तराविषयीचा तो निष्कर्ष अपुरा आहे, असे निःसंकोच लिहा.