तंजावरचा मराठी ठेवा आणि मुक्त ज्ञानकोश : आरंभ कोठून करावा?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तमिळला हा मान २००४ मध्येच मिळाला होता. या दोन्ही भाषांचा जुना सहवास जेथे प्रत्यक्ष पाहता येतो, असे शहर म्हणजे तमिळनाडूतील तंजावर. मात्र तंजावरच्या मराठी परंपरेविषयी इंटरनेटवर शोध घेणाऱ्यास बरीचशी माहिती आजही इंग्रजीतूनच मिळते. ही उणीव भरून काढण्याचे एक साधन सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. ते म्हणजे विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला आणि त्याच वर्षी तमिळ विकिपीडियाही सुरू झाला. आज मराठी आवृत्तीत ९० हजारांहून अधिक, तर तमिळ आवृत्तीत दीड लाखांहून अधिक लेख आहेत. यातील बहुतांश लेख स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत. तंजावरविषयीच्या लेखांची वाढही अशाच एखाद्या वाचकाने पुढाकार घेण्यावर अवलंबून आहे.

साहित्याची तेथे वानवा नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरात स्थापन केलेली सत्ता १८५५ पर्यंत टिकली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी मराठीत नाटके रचली. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या नाटकात तर पाच भाषा नांदतात. दुसऱ्या सरफोजींच्या काळात, १८०३ मध्ये, बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. मराठा राजवटीच्या कारभाराचे मोडी कागदही मोठ्या संख्येने शिल्लक आहेत.

नव्या लेखकाने प्रथम खाते उघडावे. ते बंधनकारक नसले, तरी त्यामुळे आपली संपादने एका नावाखाली राहतात. टोपणनावही चालते. देवनागरी टंकलेखनाची सोय संकेतस्थळावरच आहे. सरावासाठी ‘धूळपाटी’ हे पान असते. तेथे झालेल्या चुकांनी कोणाचे काही बिघडत नाही. पहिल्याच दिवशी नवा लेख लिहिण्यापेक्षा असलेल्या लेखातील शुद्धलेखन सुधारणे, एखाद्या विधानाला संदर्भ जोडणे किंवा छायाचित्र चढवणे अधिक श्रेयस्कर ठरते. प्रत्येक बदल पानाच्या ‘इतिहासा’त नोंदला जातो आणि मतभेद असल्यास चर्चापानावर त्यांचा निवाडा करता येतो.

तंजावरच्या संदर्भात एक वरवर किरकोळ वाटणारे, पण फार उपयोगाचे काम आहे, ते म्हणजे नावांचे. सरफोजी, सर्फोजी, शरभोजी ही एकाच राजाची नावे आहेत. उलट शहाजी आणि शिवाजी ही नावे महाराष्ट्र व तंजावर या दोन्हींकडील शाखांत आढळतात. एका नावावरून दुसऱ्याकडे नेणारी पुनर्निर्देशने आणि सारखी नावे वेगळी करणारी पाने तयार केल्यास वाचकाची दिशाभूल टळते. यासाठी मोठी विद्वत्ता नव्हे, केवळ काळजी लागते.

खरी अडचण पुढे येते. विकिपीडियाला स्वतंत्र संशोधन चालत नाही. त्यावरील विधानास विश्वासार्ह, प्रकाशित आधार असावा लागतो. तंजावरच्या मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द, पाककृती आणि आठवणी मात्र बहुतांशी मौखिक आहेत. मोडी कागद वाचणारेही मोजकेच. म्हणजे जे सर्वांत आधी हरवण्याची भीती आहे, त्यालाच ज्ञानकोशाचे दार बंद, असा हा पेच आहे.

तरीही हा नियम अन्यायकारक म्हणता येणार नाही. राजघराणी, वंशावळी आणि जातींचे दावे हे इतिहासातील सर्वाधिक वादाचे विषय आहेत. आधाराची अट नसती, तर प्रत्येक घराण्याने आपापली थोरवी तेथे लिहून काढली असती. स्वतःच्या कुटुंबाविषयी लिहिणे टाळावे, हा संकेतही याच कारणाने रूढ झाला आहे.

मग मार्ग कोणता? तो टप्प्याटप्प्याने जातो. सरस्वती महालाने अनेक मराठी हस्तलिखिते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहेत. ती आधार म्हणून वापरता येतात. शतकांपूर्वीच्या रचना स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने त्यांची मूळ संहिता मराठी विकिस्रोतावर आणता येते. मात्र आधुनिक संपादकाची प्रस्तावना आणि टिपा यांवर हक्क असू शकतो, हे विसरता कामा नये. शिलालेखाची स्वतः काढलेली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर ठेवता येतात. बोलीचे ध्वनिमुद्रणही, बोलणाऱ्याच्या संमतीने, तेथे जतन होऊ शकते. मौखिक माहिती आधी नियतकालिकात किंवा ग्रंथात, जाणकारांच्या तपासणीनंतर प्रसिद्ध झाली, तर पुढे तिला ज्ञानकोशात स्थान मिळते.

या कामी तंजावरचे मराठी भाषक विशेष पात्र आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झाले असल्याने देवनागरीचा सराव कमी असेल, परंतु तमिळ ग्रंथांतील माहिती इंग्रजीच्या मध्यस्थीविना मराठीत आणण्याची क्षमता त्यांच्याकडे आहे. महाराष्ट्रातील वाचक देवनागरी लेखन तपासू शकतात, तर मोडीचे जाणकार कागद वाचून देऊ शकतात. यंत्रानुवादाचा आधार घेताना प्रत्येक वाक्य ताडून पाहणे आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली विकिपीडियाच्या मजकुरावर शिकत असल्याने आज राहिलेली चूक उद्या अनेक ठिकाणी उमटू शकते.

भाषेला मिळालेला अभिजात दर्जा तिच्या प्राचीनतेची पावती आहे. दोन भाषांच्या वाचकांनी परस्परांच्या मदतीने एकेक लेख उभा केला, तर ती प्राचीनता सामान्य वाचकाच्या हाती पोहोचेल. पहिल्या संपादनासाठी एखादे चुकीचे लिहिलेले नाव पुरेसे आहे.