पत्ता सांगा, कंपायलर सापडेल!

काय दोस्तांनो, सी भाषेतला पहिला प्रोग्राम लिहिलात, काळ्या खिडकीत 'जीसीसी' टाइप करून एंटर दाबलंत, आणि संगणक म्हणतो, ही आज्ञा मी ओळखत नाही! रडूच येतं ना? आधी स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल तर कंपायलर पुन्हा डाउनलोड करायला बसू नका. तो बहुधा घरातच आहे.

समजा, तुमचे मामा राहतात धारूरला, आणि त्यांना शोधायला निघालेल्या माणसाच्या चिठ्ठीत बीड, गेवराई, माजलगाव एवढीच गावं! सापडतील कसे? विंडोजजवळही अशी चिठ्ठी असते. तिचं नाव 'पाथ'. विंडोज आधी चालू फोल्डरमध्ये बघतं, मग चिठ्ठीतल्या फोल्डरांत, ओळीनं. बाकीची डिस्क ते धुंडाळत नाही.

तेव्हा कंपायलरचा 'बिन' फोल्डर उघडा. त्यात जीसीसी दिसला की त्या फोल्डरचा पत्ता कॉपी करा. मग 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'मध्ये जाऊन 'पाथ' निवडा, 'एडिट', 'न्यू', पत्ता चिकटवा, ओके. जुन्या ओळी मात्र पुसू नका हं! मी एकदा पुसल्या, तर 'पिंग'सुद्धा अनोळखी झालं.

आता गंमत बघा, तरीही तोच संदेश येईल! कारण उघडी खिडकी जुनीच चिठ्ठी धरून बसलेली असते. ती बंद करा, नवी उघडा आणि 'व्हेअर जीसीसी' असं विचारा. पत्ता छापून आला? मग करा प्रोग्राम कंपाइल!